भटका अरामी आणि तारेचे कुंपण

शास्त्रपाठ : अनुवाद २६:१-११. सोबत वाचावे : निर्गम १ व ५, उत्पत्ति १६, लूक ४:१६-२१.

ह्या आठवड्याचा पाठ नांगर धरणाऱ्या लोकांचा पाठ आहे. म्हणून आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस तो सहज ओळखीचा वाटेल. शेतकऱ्याने जमिनीच्या प्रथम उपजातून काही काढावे, ते टोपलीत घालून परमेश्वर निवडील त्या स्थळी न्यावे, आणि याजकाने टोपली वेदीपुढे ठेविल्यावर आपल्या मुखाने काही बोलावे, असा विधी मोशेने येथे घालून दिला आहे. सोलापूर जिल्ह्यात रब्बीची ज्वारी घरी आली म्हणजे आमच्याकडेही कणसांची पेंढी किंवा पायलीभर दाणे मंदिरात येतात. तेव्हा टोपलीविषयी फार समजावून सांगण्याचे कारण नाही. कारण आहे ते त्या बोलण्याविषयी. पीक बरे आले, देवाची कृपा झाली, एवढे म्हणून त्या शेतकऱ्याने घरी परतावयाचे नाही. त्याने आपल्या कुळाची हकीकत सांगावयाची आहे, आणि ती हकीकत मोठेपणाची नाही.

तो म्हणतो की माझा मूळ पुरुष भटका अरामी होता. तो थोडक्या माणसांनिशी मिसर देशी गेला व तेथे उपरी होऊन राहिला. पुढे मिसरी लोकांनी गांजले, कष्टाचे काम लादले, तेव्हा परमेश्वराकडे हाक मारली, आणि त्याने ऐकले, पाहिले, बाहेर काढले व ही भूमी दिली. वाचकांनी येथे एक लहानशी गोष्ट ध्यानात घ्यावी. पाचव्या वचनात 'माझा पूर्वज' असे शब्द आहेत. सहाव्यात एकदम 'आम्हांस' हा शब्द येतो. मिसर देश ज्याने जन्मात पाहिला नाही, ज्याची स्वतःची द्राक्षे व स्वतःचे गहू टोपलीत आहेत, असा शेतकरी 'आम्हांस गांजले' असे म्हणतो. आजोबा-पणजोबांचे दुःख तो परक्याचे म्हणून सांगत नाही.

'भटका' ह्या शब्दाच्या जागी मुळात जो इब्री शब्द आहे त्यात दोन अर्थ मिसळलेले आहेत. तो शब्द वाट चुकलेल्या जनावराविषयी येतो (शौलाच्या बापाची हरवलेली गाढवे आठवावी, १ शमुवेल ९), आणि नाश पावण्याच्या बेतात असलेल्या माणसाविषयीही येतो. म्हणजे हा पूर्वज हवापालट करीत हिंडणारा प्रवासी नव्हे. ज्याला थारा नाही आणि उद्याच्या भाकरीची खात्री नाही, असा तो मनुष्य. आमच्या देशात वंशावळी लिहिणाऱ्यांस कोणत्याही जातीचा मूळ पुरुष एखादा ऋषी किंवा निदान एखादा क्षत्रिय राजा निघावा असे वाटते, आणि तसा तो बहुधा निघतोही. इस्राएलाने मात्र वर्षाच्या मोठ्या सणी, सर्वांदेखत, आम्ही थारा नसलेल्याचे वंशज आहो असे म्हणावे अशी देवाची आज्ञा होती.

आता हा पाठ जगात कोणी कसा वाचला ते पाहू. कारण शास्त्र एकच असले तरी ते वाचणारा कोठे उभा आहे त्यावर त्यातील कोणते वचन त्याच्या कानी पडते आणि कोणते पडत नाही, हे पुष्कळ अंशी ठरते.

इ. स. १८०७ साली लंडन येथे एक पवित्र शास्त्र छापण्यात आले. वेस्ट इंडीज बेटांवर उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांस ख्रिस्ती धर्माचे शिक्षण देता यावे म्हणून ते काढले होते. आमच्या शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत. त्यात २३२ अध्यायांतील मजकूर तेवढा ठेवला होता. योसेफाची गोष्ट होती, कारण योसेफ हा इमानी दास. मोशेने लोकांस मिसर देशातून काढल्याची गोष्ट मात्र गाळली होती. दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे हे इफिसकरांच्या पत्रातील वचन होते. ख्रिस्तामध्ये दास व स्वतंत्र असा भेद नाही हे गलतीकरांच्या पत्रातील वचन नव्हते. ज्यांनी हे पुस्तक केले ते नास्तिक नव्हते; ते धर्मप्रसारासाठी झटणारे लोक होते, ही त्यातील लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे. मळेवाल्यांनी प्रचारकास आत येऊ द्यावे म्हणून त्यांनी मोशेला दाराबाहेर ठेविले.

परंतु मोशे दाराबाहेर राहिला नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गुलामांस वाचावयास शिकविणे कित्येक प्रांतांत कायद्याने गुन्हा होता. तरी त्यांनी निर्गमाची कथा कानोकानी मिळविली आणि तिची गाणी केली. मिसर म्हणजे हाच मळा, फारो म्हणजे हाच धनी, यार्देन म्हणजे ती नदी जी ओलांडली की उत्तरेकडील मोकळा मुलूख लागतो. हा अर्थ त्यांस कोणा पंडिताने शिकविला नव्हता. ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपली म्हण आहे.

हॉवर्ड थर्मन नावाचे एक कृष्णवर्णी अमेरिकन पाळक होऊन गेले. त्यांची आजी गुलामगिरीत जन्मली होती व तिला वाचता येत नसे, म्हणून नातू तिला शास्त्र वाचून दाखवी. स्तोत्रे, यशया, शुभवर्तमाने ती ऐके. पण पौलाची पत्रे, करिंथकरांस पहिल्या पत्रातील प्रीतीचा अध्याय वगळता, ती कधी वाचू देत नसे. पुढे नातवाने कारण विचारले तेव्हा तिने सांगितले की धन्याचा पाळक आम्हांपुढे उपदेशाला उभा राही तेव्हा दासांनी धन्याचे ऐकावे हेच पौलाचे वचन घेई. तेव्हाच मनाशी ठरविले की सुटका झाली आणि कधी वाचता आले तर तो भाग वाचणार नाही. ह्या बाईचे करणे बरोबर की चूक, ह्याचा वाद शब्बाथशाळेत अवश्य घालावा. आमच्या मते पौलास तिने जो दोष दिला तो खरे पाहता त्या उपदेशकास लागतो, कारण त्याच पौलाने फिलेमोनास लिहिताना पळालेल्या दासास दास न म्हणता प्रिय बंधू म्हणून घरात घे असे सांगितले आहे. पण तो उपदेशक फिलेमोनाचे पत्र वाचीत नसे, आणि बाईने ते ऐकावे कोठून?

हेच थर्मनसाहेब १९३५-३६ साली कृष्णवर्णी ख्रिस्ती लोकांचे एक शिष्टमंडळ घेऊन हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन ह्या देशांत आले होते, आणि १९३६ च्या फेब्रुवारीत बार्डोली येथे त्यांची व महात्मा गांधींची भेट झाली. सिलोनात एका कायदेपंडिताने त्यांस सरळ विचारले की तुमच्या लोकांस आफ्रिकेतून धरून नेणारे ख्रिस्ती, गुलाम ठेवणारे ख्रिस्ती, आजही तुम्हांस वेगळे बसविणारे ख्रिस्ती; मग तुम्ही त्या धर्माचे होऊन येथे काय करता? १९४९ साली थर्मन यांनी 'येशू व वंचित जन' अशा अर्थाच्या नावाचे एक लहान पुस्तक लिहिले ते ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच. येशू हा रोमी सत्तेखाली चिरडलेल्या यहूद्यांपैकी एक गरीब यहूदी होता, त्याचे बोलणे पाठ भिंतीला टेकलेल्या लोकांसाठी होते, हे त्याचे सार. पुढे वीस वर्षांनी, १९६९ व १९७० साली, न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीतील अध्यापक जेम्स कोन यांनी दोन ग्रंथ लिहून ह्याच विचारास कृष्णवर्णीयांचे मुक्तीचे ईश्वरविज्ञान असे रूप दिले. देव काळा आहे, असे ते म्हणत. वाचून पुष्कळ जण दचकले. देवाला कातडी आहे असे त्यांस म्हणावयाचे नव्हते; मिसर देशात जो वीटभट्टीवाल्यांच्या बाजूने उभा राहिला तो अमेरिकेत कोणाच्या बाजूस उभा आहे, हे त्यांस सांगावयाचे होते. कोन २०१८ साली वारले. त्यांच्या लिखाणातील काही वाक्ये तिखट आहेत. पण मार खाल्लेल्या माणसाचे वाक्य सभ्य नाही अशी तक्रार आम्ही करू नये.

वाचक म्हणतील की हे सर्व साता समुद्रांपलीकडचे झाले. तसे नाही. ह्या दोन दुःखांचे नाते प्रथम ओळखणारांत एक महाराष्ट्रीय होता. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील ज्या सज्जनांनी हबशी लोकांस दास्यातून सोडविण्यासाठी खटपट केली त्यांस अर्पण केले. त्या देशात गुलामगिरी १८६५ साली बंद झाली होती. आठ वर्षांत ती वार्ता पुण्यातील एका माळ्याने आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या उपयोगास आणली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी डुबॉइस यांस पत्र लिहून अस्पृश्यांची व त्यांची स्थिती फार मिळती आहे असे कळविले. १९७२ साली मुंबईत तरुण दलित लेखकांनी जी संघटना काढली तिचे 'दलित पँथर' हे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर ह्या पक्षावरून घेतलेले होते. आणि १९८१ साली बंगळूर येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल ह्या ख्रिस्ती अध्यापकांनी शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाविषयी जे व्याख्यान दिले तेथून आमच्या देशात दलित ईश्वरविज्ञान ह्या नावाने ओळखला जाणारा अभ्यास सुरू झाला असे मानतात.

निर्मल यांनी पुढे आपल्या ईश्वरविज्ञानाचा पाया म्हणून जो शास्त्रभाग घेतला तो आजचाच पाठ होय. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की भटका अरामी निदान मोकळेपणाने भटकत तरी होता. आमच्या पूर्वजास गावातून मोकळे चालण्याचीही मुभा नव्हती, म्हणून आमची कबुली इस्राएलाच्या कबुलीहून अधिक करुण आहे. दुसरे असे की इस्राएलास शेवटी भूमी मिळाली. आमच्या ख्रिस्ती झालेल्या वाडवडिलांस भूमी मिळाली नाही, गावाचा उकिरडा ओलांडून ते ख्रिस्ताकडे आले आणि राहिले तेथेच, त्याच वस्तीत. तरी तेही निर्गमनच होते, आणि त्यात त्यांस मिळाले ते हे की ते देवाची प्रजा आहेत. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घराणी महार व मांग समाजांतून आलेली आहेत. त्यांस ह्यावर भाष्य नको.

तरीही निर्मल यांच्या मांडणीत सोलापूरच्या वाचकाने एक ओळ आपल्याकडून जोडावी असे आम्हांस वाटते. आमच्या ह्या शहरात असेही लोक होते की जे अक्षरशः भटके होते, आणि ज्यांचे भटकणे कायद्याने बंद करून त्यांस तारेच्या कुंपणात आणून बसविले होते.

सोलापूरकरांस 'सेटलमेंट' हा शब्द ठाऊक आहे. शहराच्या एका भागास आजही ते नाव आहे. ते नाव पडले कसे? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या दुरुस्तीने तो मुंबई इलाख्यास लागू करता आला. ह्या कायद्याचे तत्त्व असे की काही जमातींचा धंदाच चोरीचा आहे, म्हणून त्या जमातीत जो जन्मेल त्याचे नाव पोलिसांच्या बुकात चढवावे, त्याच्या बोटांचे ठसे घ्यावे, हजेरी लावावी, पासावाचून हद्द ओलांडू देऊ नये, आणि सरकारास वाटेल तर त्यास कुटुंबासह वसाहतीत ठेवावे. कैकाडी, पारधी, भाट, टकारी अशा जमातींची कुटुंबे ह्याप्रमाणे सोलापुरास आणली गेली. ही वसाहत इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक होती. भोवती काटेरी तार होती. सोलापुरात त्या वेळी कापडाच्या गिरण्या जोरात होत्या; पहिली मोठी गिरणी १८७७ सालची. वसाहतीतील माणसे गिरण्यांत कामास जात व कामावरून परत आली म्हणजे हजेरीस उभी राहत.

आता आमच्या मंडळ्यांनी ऐकावयाची गोष्ट ही की पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ह्या वसाहतीचा कारभार सरकारने काही वर्षे अमेरिकन मराठी मिशनच्या हाती दिला होता. हे सोलापुरातच घडले असे नव्हे. आंध्रात स्टुअर्टपुरम येथे व इतरत्र अशा वसाहती मुक्तिफौजेने चालविल्या. मुक्तिफौज! त्या नावातील पहिला शब्द कुंपणाच्या आतून कसा ऐकू येत असेल, ह्याचा विचार वाचकांनी करावा.

आम्हांस मिशनरी लोकांची निंदा करावयाची नाही. ज्यांनी आमच्या आजोबांस वाचावयास शिकविले, ज्यांच्या दवाखान्यांत आमच्या आया वाचल्या, त्यांचे ऋण आम्ही मानतो. वसाहतीतही शाळा होती, काम होते, आजारपणात औषध होते, आणि कारभार पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी पोलिसांच्या छळापासून त्या माणसांस वाचविले असे प्रामाणिकपणे मानिले. ते स्वतःस मोशेच्या जागी समजत असावेत. पण हजेरीपुस्तक त्यांच्या हाती होते, आणि निर्गमाच्या पुस्तकात हजेरीपुस्तक मोशेच्या हाती नाही.

निर्गमाचा पहिला अध्याय ह्या दृष्टीने पुन्हा वाचावा. फारो काय म्हणतो? हे लोक फार झाले आहेत, युद्धप्रसंग आला तर शत्रूस मिळतील. कोणी चोरी केली, कोणी खून केला असा आरोप तेथे नाही; ते त्या कुळात जन्मले आहेत हाच अपराध. मग त्यांच्यावर मुकादम नेमले जातात. आपल्या मराठी शास्त्रात हाच शब्द आहे, आणि गिरणीत वा उसाच्या फडावर काम केलेल्या माणसास तो समजावून द्यावा लागत नाही. पाचव्या अध्यायात विटांचा आकडा ठरलेला आहे, गवत मिळो न मिळो आकडा भरला पाहिजे, आणि देवाची उपासना करावयास तीन दिवसांची वाट जाऊ द्या एवढे मागितले तर उत्तर येते की तुम्ही आळशी आहा. पासावाचून कोठे जाता येत नाही, असाच त्याचा अर्थ झाला. हा अध्याय कुंपणाच्या आत राहणाऱ्या एखाद्या कैकाडी मुलाने शाळेत वाचला असता तर त्याला फारो कोण वाटला असता?

ज्या अमेरिकन बोर्डाने आमच्याकडे मिशनरी धाडले त्याचा स्वतःच्या देशातील इतिहासही असाच दुहेरी आहे, आणि तो आमच्या लोकांस सहसा कोणी सांगत नाही. चेरोकी नावाच्या मूळच्या अमेरिकन लोकांची जमीन जॉर्जिया प्रांताने बळकाविण्यास आरंभ केला तेव्हा बोर्डाचे मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांनी प्रांताच्या कायद्यापुढे मान तुकविली नाही. १८३१ साली त्यांस सक्तमजुरीची शिक्षा झाली व १८३३ पर्यंत ते तुरुंगात राहिले. पण त्याच चेरोकी लोकांतील काही श्रीमंत ख्रिस्ती कुटुंबे काळे गुलाम बाळगीत, आणि गुलाम बाळगणारास मंडळीबाहेर काढावे की नाही हा प्रश्न १८४५ साली बोर्डापुढे आला तेव्हा बोर्डाने तशी सक्ती करण्याचे नाकारले. त्यावरून पुष्कळ लोक नाराज होऊन निघाले व १८४६ साली त्यांनी निराळी मिशन संस्था काढली. एकाच संस्थेच्या एका हातात बेडी होती आणि दुसऱ्या हातात मौन होते. म्हणून 'मिशनने सांगितलेला अर्थ' असा एकच एक अर्थ कधी नव्हता. तेथेही वाद होता, आणि आम्हांस वाद न सांगता निकाल तेवढा सांगण्यात आला.

येथे आमच्या भाषेतील एका शब्दाचा विचार केला पाहिजे. आम्ही ख्रिस्ती लोक 'तारण' म्हणतो. पापापासून तारण, नरकापासून तारण. 'मुक्ती' हा शब्द आम्ही जरा भीतभीत वापरतो, कारण तो एकीकडे मोक्षाशी व दुसरीकडे राजकारणाशी जुळलेला आहे. पण ज्यांची तार निघाली त्यांनी आपले नाव काय घेतले? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला, आणि त्या जमाती स्वतःस 'विमुक्त' म्हणू लागल्या. तो दिवस त्या सणाप्रमाणे पाळतात. (कायदा गेला तरी सराईत गुन्हेगारांविषयीचे दुसरे कायदे आले आणि पोलिसांचा संशय पूर्वीच्याच वस्तीत येत राहिला, हे येथे नमूद केले पाहिजे.) आता लूकच्या चौथ्या अध्यायात पाहावे. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचा ग्रंथ उघडून वाचतो की धरून नेलेल्यांस सुटका जाहीर करावयास मला पाठविले आहे. येथे सुटकेला जो ग्रीक शब्द आहे, आफेसिस, तोच शब्द लूक आपल्या शुभवर्तमानाच्या शेवटी 'पापांची क्षमा' ह्या ठिकाणी वापरतो. एकच शब्द! भाषांतरात आम्ही त्याचे दोन तुकडे केले. एक तुकडा उपदेशपीठावर राहिला आणि दुसरा कुंपणाबाहेर उभा राहिला. हे वाचून कोणी असे समजू नये की पापाची गोष्ट आम्ही बाजूस सारतो. तार बांधणे हेही पापच होते, आणि ते पाप एका माणसाच्या अंतःकरणात मावणारे नव्हते. त्याला सरकारी ठराव लागला, गिरणीमालकांची सोय लागली आणि सद्भावनेची माणसे लागली.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर पंडिता रमाबाईंचे स्मरण करणे योग्य होईल. त्या काळचे मराठी शास्त्र संस्कृत शब्दांनी जड झालेले आहे, केडगावच्या मुक्तिसदनातील अडाणी मुलींस ते कळत नाही, हे पाहून त्या बाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक शिकून सर्व शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले. १९२२ च्या एप्रिलात त्या वारल्या; पुस्तक १९२४ साली निघाले. ज्या स्त्रीस संस्कृतासाठी पंडिता ही पदवी मिळाली तिनेच देवाचे वचन संस्कृताच्या ओसरीवरून खाली अंगणात आणले. परकीयांनी दिलेला अर्थ झटकून शास्त्र आपल्या लोकांच्या तोंडी घालणे ह्याचा आरंभ आमच्या प्रांतात कोणी केला असे विचारल्यास आम्ही प्रथम त्यांचे नाव घेऊ.

परंतु निर्गमाची कथा घेऊन नाचू लागण्यापूर्वी तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आमच्या पाठातील शेवटचा भाग असा की परमेश्वराने ही भूमी दिली. ती रिकामी होती काय? तेथे कनानी होते. १९८९ साली रॉबर्ट वॉरियर ह्या ओसेज जमातीच्या मूळ अमेरिकन लेखकाने लिहिले की तुम्ही सर्व निर्गमात स्वतःस इस्राएल समजता, पण मी वाचतो तेव्हा मी कनानी असतो. कारण युरोपातून आलेल्या लोकांनी स्वतःस नवे इस्राएल म्हणवूनच आमची भूमी घेतली. ह्या आक्षेपास आमच्याजवळ पुरते उत्तर नाही, आणि झटपट उत्तर देणाऱ्या टीकाग्रंथांवर आमचा विश्वास नाही. इतके मात्र दिसते की शास्त्र स्वतःच ही अडचण झाकीत नाही. मिसर देशातून जे निघाले ते एका रक्ताचे नव्हते, त्यांच्याबरोबर मिश्र समुदाय निघाला असे निर्गम १२:३८ मध्ये लिहिले आहे. आणि अब्राहामाच्याच तंबूत हागार ही मिसरी दासी होती. तेथे जाचणारे इब्री आणि जाचलेली मिसरी. डेलोरेस विल्यम्स ह्या कृष्णवर्णी विदुषीने १९९३ साली आपल्या लोकांतील पुरुष पंडितांस हेच सुनावले की तुम्ही मोशे मोशे करता, पण घरात राबणाऱ्या आमच्या बाया हागारेच्या वाटेने गेल्या. तिला समुद्र दुभंगून मिळाला नाही, रानात एक पाण्याची विहीर मिळाली. तरी देवाला नाव ठेवण्याचे धाडस उत्पत्तीच्या पुस्तकात ह्या दासीने केले, अब्राहामाने नव्हे. आमच्या मंडळ्यांत शेतमजुरी करून, दळण-पाणी आटोपून, रात्री शास्त्रवाचनास येणाऱ्या बायांस उत्पत्तीचा सोळावा अध्याय नीट समजावून दिला पाहिजे. तो आमच्या उपदेशांत फारसा येत नाही.

आता घरचीच गोष्ट. १ जानेवारी १९३८ रोजी डॉ. आंबेडकर सोलापुरास आले असता येथील ख्रिस्ती लोकांपुढे बोलले. ख्रिस्ताविषयी त्यांनी आदराने उद्गार काढले. पण ख्रिस्ती समाज हा समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाही, आणि मंडळ्यांतही जातिभेद शिरलेला आहे, असा ठपका त्यांनी तोंडावर ठेविला. त्याला आता पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. आमच्या मंडळ्यांत विवाहसंबंध जुळविताना पूर्वीची जात विचारली जात नाही असे जो म्हणेल त्याने आपल्या गावची दहा लग्ने आठवावी. गावाबाहेर माळावर पारध्यांची पाले पडली आणि रात्री कोणाची कोंबडी गेली, तर पहिला संशय कोणावर जातो? आणि तो संशय बोलून दाखविणारांत आमचे पंच नसतात काय? ज्या कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरविले तो १९५२ साली रद्द झाला. गावच्या चावडीवर आणि मंदिराच्या ओट्यावर तो अजून वाचला जातो.

म्हणून आजच्या पाठाचे अकरावे वचन गाळू नये. टोपली ठेवून, हकीकत सांगून झाल्यावर जो आनंदोत्सव करावयाचा तो त्या शेतकऱ्याने एकट्याने करावयाचा नाही. लेवी आणि गावात राहणारा उपरी ह्यांनीही त्यात असावे अशी आज्ञा आहे. आमच्या मराठी शास्त्रातील हा 'उपरी' शब्द आणि लक्ष्मण माने ह्या कैकाडी लेखकाने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथेचे 'उपरा' हे नाव एकाच मुळाचे आहे. ते पुस्तक वाचनालयातून मिळवून शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी अनुवादाच्या ह्या अध्यायासोबत वाचावे. दोन्ही वाचल्याने दोन्ही अधिक समजतील.

पाठ घेताना पाळकाने पाच ते दहा ही वचने स्वतः वाचू नयेत. मंडळीतील ज्या घरच्या वडीलधाऱ्यांस गिरणीची, वेठीची किंवा वसाहतीची हकीकत ठाऊक असेल त्यांस ती वाचावयास द्यावी, आणि वाचता येत नसेल तर ऐकून म्हणू द्यावी. मग त्यांनी आपल्या पूर्वजाविषयी आपल्या शब्दांत दोन वाक्ये जोडावी. वेळ लागेल, तो लागू द्यावा.

पुढील आठवड्यासाठी रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचून यावे. बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी ती विधवा मवाबी आहे, आणि मवाब्यास परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही असे अनुवाद २३:३ मध्ये लिहिले आहे. ही दोन स्थळे समोरासमोर ठेवून काय दिसते ते घरी विचार करून ठेवावे.